शेवटचं बरं कधी होतं?

मे महिन्यात सोलापुरात रात्री नऊलासुद्धा भिंतीला पाठ टेकवत नाही. त्यामुळे साखर पेठेतल्या मामांच्या घरी जेवण गच्चीवर होतं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही, आणि त्या रात्री तोंडी लावायला एक वाद. वाद मामा आणि माझी मावसबहीण यांचा. मी आपला भाकरी मोडत ऐकणारा.

मामा पूर्व भागातल्या एका दवाखान्यात ३८ वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, पण गल्ली अजून मामांनाच हाक मारते. बहीण बीएएमएस झालेली, १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर. म्हणजे एकाच्या दारात दुखणं चालत यायचं आणि दुसरीला दुखण्याच्या दारात धावत जावं लागतं. माझ्या मते निम्मा वाद तिथंच आहे.

ठिणगी पाडली शेजारच्या पोरानं. यंत्रमागावर कामाला असतो. खालून ओरडला, "मामा, छातीत जळजळायलंय, काय घेऊ?"

"थंड दूध घे आणि झोप की," मामांनी चटणीतून हात न काढता सांगितलं.

बहीण उठून कठड्यापाशी गेली. घाम आलाय का? जिना चढताना वाढतं का? जबड्यात, हातात काही वाटतं? दुपारी काय खाल्लं? पोरगा २४ वर्षांचा. दुपारी भजी खाल्लेली, आडवं झालं की जळजळ वाढते, उठून बसलं की कमी होते, घाम नाही. ती परत येऊन ताटावर बसली. "घेऊ दे दूध. घाम आला किंवा आवळल्यासारखं झालं तर लगेच हाक मार म्हणाले."

मामा हसले. "मी सांगितलं तेच निघालं की! फक्त तू आधी पोराला घाबरवलंस."

"मामा, उत्तर तुमचं बरोबर होतं. प्रश्न न विचारता आलं, एवढंच."

"३८ वर्षांनी प्रश्न विचारावे लागत नाहीत, डॉक्टरीणबाई. माणूस पायरी कसा चढतो, त्यावर कळतं."

"तो पायरी चढलाच नाही. खालून ओरडला."

यावर मामांनी दही वाढून घेतलं. मग त्यांनी खरा मुद्दा काढला. "बघ पोरी, तुमच्या पिढीला दुखणं दिसलं की इमर्जन्सी दिसते. आमच्या दवाखान्यात कोण यायचं? गिरणीवाला, मागावरचा, विडी वळणारी. विडीवाली दवाखान्यात बसली की तिच्या हजार विड्या बुडतात आणि हजारावरच मजुरी असते. तिला 'लगेच मोठ्या दवाखान्यात जा' म्हणायला आपल्या बापाचं काय जातं? ती चार वेळा गेली, चारी वेळा काही निघालं नाही, तर पाचव्यांदा ती घरीच बसणार. मग तिला पाचव्यांदाच काहीतरी होतं. आमचे डॉक्टर म्हणायचे, थांबायला पण अक्कल लागते."

मला इथं मामांची बाजू घ्यावीशी वाटली. घाबरून धावणाऱ्याची थट्टा करणं सोपं असतं, पण मोजून पैसे असलेल्या घरात थांबणं हा हिशेब असतो, अडाणीपणा नसतो. बहिणीनंही ते नाकारलं नाही.

"थांबावं की. पण कशाची वाट बघायची हे माहीत असेल तर. ती विडीवाली घ्या. तिचा खांदा रोज दुखतो, मान रोज दुखते, सूप मांडीवर घेऊन आठ-आठ तास वाकून बसल्यावर दुखणारच. उद्या तिला हृदयाचा झटका आला आणि दुखणं खांद्यात नि पाठीत उतरलं तर ती काय म्हणेल?"

"रोजचंच आहे म्हणेल."

"मग रोजच्यातून वेगळं काय ते कसं ओळखायचं?"

मामा थोडे थांबले. त्यांचं उत्तर मला त्या रात्रीतलं सगळ्यात शहाणं वाटलं. "सुपात बघायचं," ते म्हणाले. "रोज हजार वळणारी बाई आज दुपारी तीनशेवर थांबली, सूप बाजूला ठेवून भिंतीला टेकली, तर खांदा रोजचा असला तरी बाई रोजची नाही."

बहिणीनं टाळी द्यायला हात पुढं केला. चटणीचा हात तसाच. "हेच, मामा! पुस्तकात लिहितात, बायकांना आणि मधुमेह असणाऱ्यांना झटका आला तरी कधी कधी छातीत दुखतच नाही. दम लागतो, मळमळतं, गार घाम सुटतो, जबडा दुखतो, नुसतं गळून जातं. पण 'गळून जाणं' कुणी मोजायचं? तुम्ही सुपात मोजलंत."

"म्हणजे मी जिंकलो."

"अर्धे. कारण सूप बाजूला ठेवल्यावर घरात काय होतं? बाई म्हणते, पित्त झालंय. सासू म्हणते, उपाशी राहिली. मुलगा सोडा आणतो. सोडा प्यायल्यावर ढेकर येतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. तिलासुद्धा घटकाभर बरं वाटतं. ढेकर आला म्हणजे गॅसच होता, असं ठरतं. पण झटका आलेल्या माणसालाही ढेकर येतो, मामा. ढेकर हा काही पुरावा नाही."

मी मधेच तोंड घातलं, की मग लोकांना लक्षणं कळत नाहीत असंच ना? ती म्हणाली, नाही, कळतात. घाम सगळ्यांना दिसतो, तोंड वाकडं झालेलंही दिसतं. फक्त आपण त्याला लगेच लहानसं नाव देतो. पित्त, गॅस, वारं, उष्णता, थकवा, नजर. आणि एकदा नाव पडलं की त्या नावाचं औषध सुरू होतं. "फोनवर लोक मला आजाराचं नाव सांगतात. मला नाव नको असतं. काय दिसतंय आणि कधीपासून, एवढंच हवं असतं. अर्धांगाच्या झटक्यात तर पहिला प्रश्नच तो असतो, की शेवटचं बरं कधी होतं?"

"कुठे पडला ते नाही विचारत?"

"नंतर. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते साडेचार तास मोजायचे, माणूस शेवटचा धडधाकट कुणी पाहिला तिथपासून. घरच्यांना कधी कळलं तिथपासून नाही. रात्री दहाला नीट झोपला, सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं, तर घड्याळ दहालाच सुरू झालेलं असतं. आणि त्यातही मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, म्हणून साडेचार तास हातात आहेत असं समजून चहा प्यायचा नसतो."

मामांनी मान हलवली आणि एकदम निराळंच बोलले. "पूर्वी हे सोपं होतं. भोंगा होता."

लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगा, नरसिंग गिरजी गिरणीचा भोंगा. ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगायला हवं, की सोलापूरच्या पूर्व भागात हातात घड्याळ नसलेल्या माणसालाही वेळ ठाऊक असे. "बाई पेशंट घेऊन यायची आणि सांगायची, पहिल्या भोंग्याला उठले, तेव्हा बोलत होते, दुसऱ्या भोंग्याला हात उचलेना. डॉक्टर चिठ्ठीवर तसंच लिहायचे. आता घराघरात चार मोबाइल, आणि कधीपासून विचारलं की म्हणतात, मगाधरनं."

"मगाधरनं!" बहीण हसली. "रोज ऐकते. मगाधरनं म्हणजे दहा मिनिटं पण असतात आणि कालची दुपार पण असते."

आता दोघंही एका बाजूला झुकायला लागले होते, तेवढ्यात मामांना आपण वादात आहोत हे आठवलं. त्यांनी मोबाइल काढला. गल्लीच्या ग्रुपवर आलेला संदेश: अर्धांगाचा झटका आला तर दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, माणूस वाचतो. "हे तरी खरं का?"

"सुईनं फक्त बोटं दुखतात आणि वेळ जातो. हृदयाचा झटका आल्यावर जोरात खोकत राहा म्हणून येतो तोही तसलाच. त्यापेक्षा तीन गोष्टी करायला सांगा. हस म्हणायचं, तोंड एका बाजूला जातं का बघायचं. दोन्ही हात पुढं धर म्हणायचं, एक हात खाली येतो का बघायचं. आणि काहीतरी बोलायला लावायचं."

"काय बोलायला लावायचं? इंग्रजीत वाक्य असतं म्हणे."

"आपल्याकडं 'हर्र बोला हर्र' म्हणायला लावा."

मामांनी हात जोडले, पण त्यांना पटलं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांमागं चालताना लाखो लोक जे म्हणतात, ते तेलुगू घरातलं माणूसही म्हणतं आणि कन्नड घरातलंही. त्यात जीभ फिरवायला लावणारे एवढे र, की जड झालेली जीभ लपत नाही. ही परीक्षा कुठल्या पुस्तकात नाही, हे बहिणीनं कबूल केलं. तिची स्वतःची आहे. तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी निघायचं, आणि दहा मिनिटांत सगळं परत नीट झालं तरी निघायचं, कारण तो मोठ्या झटक्याचा निरोप असू शकतो.

"आणि गोळी? ॲस्पिरिन द्यायची ना? ती तर आम्हीसुद्धा द्यायचो."

"छातीत आवळून गार घाम सुटला तर, ॲलर्जी नसेल, कुठं रक्तस्राव होत नसेल, तर फोनवर विचारून ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला सांगतात. अर्धांगात घरी अजिबात नाही. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं, पण आत गुठळी आहे की रक्तवाहिनी फुटलीय हे सीटी स्कॅनशिवाय देवालाही कळत नाही. फुटली असेल तर गोळीनं रक्त आणखी वाहील. आणि पाणी, चहा, साखर, काहीच तोंडात घालायचं नाही. गिळता येत नसलं तर ते फुप्फुसात जातं."

"आणि कार्डिओग्राम नॉर्मल आला म्हणजे सुटलो?"

"पहिला नॉर्मल येऊ शकतो. दुखणं चालू असेल तर पुन्हा काढतात. नॉर्मल कागद खिशात घालून घरी जाऊन झोपलेली माणसं मी पाहिली आहेत." हे ती जरा हळू बोलली आणि पुढं काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मामांनी तापाकडं मोर्चा वळवला. ताप हा त्यांचा बालेकिल्ला. ताप उतरला की पेशंट बरा, हा दवाखान्याचा साधा नियम. बहिणीनं तोही पाडला. डेंगीत धोका पुष्कळदा ताप उतरतानाच येतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात सणकून दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, मूल सारखं पेंगणं. तापमापी ९८ दाखवते आणि माणूस बिघडत जातो. मामांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "लघवी. आमचे डॉक्टर लहान पोराच्या आईला ताप किती हे नंतर विचारायचे. आधी विचारायचे, लंगोट किती भिजले? अंगावर पितंय का? श्वास घेताना फासळ्यांखाली खळगा पडतो का?" यात बहिणीला भर घालावी लागली नाही.

मग विषय जीबीएसवर, म्हणजे गियान-बारे सिंड्रोमवर गेला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात त्याची साथ आली, आणि पहिला संशयित मृत्यू नोंदला गेला तो सोलापुरात. तेव्हा गल्लीतली माणसं पायाला मुंग्या आल्या तरी मामांकडं येत होती. मामा त्यांना घरी पाठवत होते, आणि त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरच होतं. मांडी घालून तासभर बसलं की मुंग्या यायच्याच. "पण कुणाला थांबवून घेतलं असतंत?" तिनं विचारलं. मामा म्हणाले, काल जिना चढला, आज उकिडवा बसून उठता येईना, त्याला. बरोबर. पायातली ताकद दिवसागणिक जाते आणि अशक्तपणा खालून वर चढतो. श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लागतो. इथंही मोजमाप कालच्याशीच.

माझ्या लक्षात आलं, की त्यांचा वाद आता नावापुरता उरलाय. मामा थांबण्याच्या बाजूचे, पण त्यांना कुठं थांबू नये ते ठाऊक होतं. त्यांनी ते कधी शब्दांत मांडलं नव्हतं, इतकंच. मोहोळकडचा एक शेतमजूर सकाळी पोट दुखतंय, उलटी झाली म्हणून आला होता, ती गोष्ट त्यांनीच काढली. अंगावर खूण नाही, सूज नाही. घरचे म्हणत होते, रात्रीचं शिळं बाधलं. डॉक्टर म्हणाले, याच्या पापण्या बघ. माणूस दारू प्यायल्यासारखा अर्ध्या डोळ्यांनी बघत होता, आणि दारू तर त्यानं घेतलेली नव्हती. जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावते तेव्हा कळतसुद्धा नाही, दुखत नाही. त्याला जीपमध्ये घालून सरळ सिव्हिलला नेलं. मांत्रिक नाही, दोरी बांधणं नाही, ब्लेडनं कापणं नाही. प्रतिविष मिळालं, वाचला. भारतात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशानं मरतात असा अंदाज आहे. त्यातल्या किती पापण्या कुणी पाहिल्या नसतील?

"पण पैसा?" मामा पुन्हा मूळ ठिकाणी आले. "गाडी फुकट येईल तुझी. पुढं काय? मंगळसूत्र मोडायचं?"

बहीण यावर तयारच होती. सरकारी विमा योजना, आज जिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात, ती २ जुलै २०१२ ला राज्यात आधी फक्त आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत सोलापूर होतं. आता मर्यादा पाच लाखांची आहे. आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की जीव धोक्यात असलेल्याला आधी उपचार, कागद नंतर, दवाखाना सरकारी असो की खाजगी. "कागदावर," मामा म्हणाले. "कागदावर," तिनंही मान्य केलं. "म्हणून रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत घालून दाराच्या खिळ्याला लावून ठेवा. रात्री दोनला कपाट उचकटत बसणारी घरं मी रोज बघते. आणि निर्णय कुणी घ्यायचा ते आधीच ठरवा. मुलगा कामावरून येऊ दे, मोठ्या भावाला विचारू, आज अमावस्या आहे..."

"दाते पंचांग छापणारं गाव आहे बाई. तिथी बघणारच."

"बघा की. गाडीत बसून बघा."

मामांचा शेवटचा पत्ता डॉ. द्वारकानाथ कोटणीस होता. सोलापुरात कुठलाही वैद्यकीय वाद शेवटी कोटणिसांपर्यंत जातोच. "इथला माणूस १९३८ ला चीनमध्ये गेला, युद्धात रात्रंदिवस ऑपरेशनं केली. स्वतःच्या दुखण्याचा बाऊ केला का?"

"नाही केला," ती म्हणाली. "आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, फिट येऊनच गेले." मामा गप्प झाले. तिला ते जिव्हारी लागल्याचं कळलं असावं, कारण पुढचं ती डॉक्टरांबद्दल बोलली नाही, गल्लीबद्दल बोलली. फिट आली की लोक चप्पल हुंगवतात, कांदा फोडतात, दातांत चमचा घालतात. यातलं काही करू नये. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली घडी करून टॉवेल द्यायचा, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, की थांबायचं नाही.

"परत घड्याळ," मामा म्हणाले.

"परत घड्याळ. आणि टॉवेल म्हणाल तर या महिन्यात तो ओलाच लागेल. पत्र्याच्या शेडमध्ये मागावरचा माणूस बरळायला लागला, चालताना झोकांड्या द्यायला लागला, तर उष्णता झाली म्हणून कांद्याचा रस लावत बसू नका. अंग तापलंय आणि भान सुटलंय, म्हणजे उष्माघात. सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओले टॉवेल अंगभर, वरून पंखा, गाडी येईपर्यंत पाणी मारत राहा. टॉवेलला तर आपल्या गावात तोटा नाही."

ताटं उचलायला मामी वर आल्या. जिना चढून आल्या तरी दम नव्हता, हे बहिणीनं पाहिलेलं मी पाहिलं. ताटांवर ताटं रचताना मामींनी डावा खांदा दाबला आणि सहज म्हणाल्या, "एवढं चाललंय तर माझ्या खांद्याचं पण सांग ग. मलाही साखर आहे, मघाशी तू म्हणालीस ते ऐकून जीव उडाला."

बहिणीनं तोंड उघडायच्या आत मामांनी हात वर केला. "थांब, मी विचारतो." ते सरळ बसले, ३८ वर्षं केसपेपर लिहायला बसत असतील तसे. "जिना चढताना वाढतं का?"

"नाही."

"घाम, मळमळ?"

"नाही हो. मागं वेणी घालायला हात नेला की कळ येते. एका जागी अडकतो हात."

मामांनी बहिणीकडं पाहिलं. ती म्हणाली, "मधुमेहात असा खांदा आखडतो. घाई नाही. या आठवड्यात दाखवून या, मी घेऊन जाते. पुढचा प्रश्न राहिला, मामा."

"हो की," मामा म्हणाले. "खांद्याला शेवटचं बरं कधी होतं?"

मामींनी ताटं कडेवर घेऊन नीट विचार केला. "दिवाळीत," त्या म्हणाल्या. "चकल्यांचा दुसरा घाणा काढेपर्यंत."